विवरांच्या बेटावर मळलेली वाट

स्पेनचा भाग असलेली कॅनरी बेटं युरोपपेक्षा आफ्रिकेला जवळ आहेत. त्यांतलं लान्सारोते हे बेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून साधारण सव्वाशे किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ सुमारे ८४५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या दीडपटीला थोडं कमी. वस्ती दीड लाखाच्या आसपास आणि वर्षाकाठी येणारे पर्यटक तीस लाखांच्या घरात. यातले बहुतेक जण युरोपच्या हिवाळ्याला कंटाळून ऊन आणि समुद्र शोधत येतात, आठवडाभर वाळूवर पडतात आणि परत जातात. थोडे मात्र बेटाच्या पश्चिम भागात ज्वालामुखींची विवरं पायी पाहायला निघतात, आणि तिथे त्यांना पहिला धक्का बसतो तो नियमांचा. ज्या तिमान्फाया राष्ट्रीय उद्यानात विवरांची गर्दी आहे, तिथे मनाला येईल तसं चालता येत नाही. किनाऱ्यालगतची वाट सोडली तर आत शिरायचं ते बसनं, आणि बस नेईल तेवढंच काचेतून पाहायचं. पायी जायचं असेल तर आधी नाव नोंदवून, मार्गदर्शकामागून, लहानशा गटात, ठरलेल्या वाटेनं. उद्यानाबाहेरच्या ज्वालामुखींवर मोकळीक जास्त आहे, पण आखलेली वाट तिथेही सोडायची नसते. डोंगर म्हणजे मोकळं रान असं मानणाऱ्या भटक्याला हे जाचक वाटतं. माझ्या मते हा जाच योग्य आहे, आणि विवर समजून घ्यायला अशी अरुंद वाट मोकळ्या रानापेक्षा जास्त उपयोगी पडते. मात्र हाच तर्क पुढे नेला तर तिथल्या बसचं समर्थन करणं जरा अवघड होतं.

आधी ही विवरं आली कुठून ते पाहू. १ सप्टेंबर १७३०च्या रात्री तिमान्फाया नावाच्या गावाजवळ जमीन फाटली. यायसा गावचे धर्मगुरू आंद्रेस लोरेन्सो कुर्बेलो यांनी पुढच्या महिन्यांत जे जे पाहिलं ते लिहून ठेवलं: रातोरात उभा राहिलेला डोंगर, गावांवर चालून आलेला लाव्हा, समुद्रात मरून तरंगणारे मासे, विषारी वाफांनी दगावलेली गुरं. त्यांची मूळ वही आज उपलब्ध नाही. लिओपोल्ड फॉन बुख हा जर्मन भूवैज्ञानिक १८१५मध्ये बेटावर आला आणि त्याच्या लेखनातून ती हकीकत जगापुढे आली. १७३१च्या अखेरीस ती थांबते, कारण कुर्बेलो आणि त्यांचे गावकरी तोवर धीर सोडून बेटाबाहेर पडले होते. ज्वालामुखी मात्र थांबला नाही. १६ एप्रिल १७३६पर्यंत, म्हणजे साडेपाच वर्षांहून अधिक काळ, तो थांबून थांबून पेटत राहिला. बेटाचा जवळपास चौथा हिस्सा लाव्हा आणि राखेखाली गेला. तिमान्फाया, सांता कातालिना, मासो अशी गावं गेली, आणि त्यांच्यासोबत बेटावरची सगळ्यात कसदार शेतजमीनही गेली. हा काही एका शिखराचा उद्रेक नव्हता. सुमारे चौदा किलोमीटर लांबीच्या भेगेवर आज इथे, उद्या तिथे तोंडं फुटत गेली आणि तीसहून अधिक शंकू एका ओळीत उभे राहिले. १८२४मध्ये त्याच पट्ट्यात आणखी तीन तोंडं फुटली. त्यानंतर आजवर तिथे उद्रेक झालेला नाही.

शंकूंची ही ओळ पायी चालणाऱ्याला उलगडते. एल कुएर्वो या विवराकडे जाणारी वाट सपाट आणि सोपी आहे, आणि १७३०च्या उद्रेकातल्या अगदी पहिल्या तोंडांपैकी हे एक. शंकूची एक बाजू फुटून लाव्हा बाहेर वाहिला. त्या लोंढ्यानं कड्याचा एक भला मोठा तुकडा उचलून दूर नेऊन टाकला, तो आजही जिथे राहिला तिथेच पडलेला दिसतो. वाट याच खिंडारातून विवराच्या पोटात शिरते. आत उभं राहिलं की चहूबाजूंच्या भिंतींत थरावर थर दिसतात: खाली राख, वर सच्छिद्र दगड, मध्येच लाल पट्टा, म्हणजे तप्त दगडातल्या लोहाचं झालेलं ऑक्सिडीकरण. जवळच मोन्तान्या कोलोरादा आहे, नावाप्रमाणे तांबूस. ती उद्रेकाच्या अगदी शेवटी शेवटी तयार झाली. तिच्या पायथ्याशी ज्वालामुखीनं हवेत भिरकावलेला प्रचंड गोळा पडला आहे. हवेतून येताना त्याची बाहेरची कातडी थंड झाली, आत मात्र तो मऊच होता. म्हणजे पाच-सहा किलोमीटरच्या परिघात उद्रेकाचा पहिला आणि शेवटचा अंक पायी पाहून होतो. दस्तऐवज आणि लाव्हाचे थर ताडून पाहून हा क्रम नक्की करण्याचं काम स्पॅनिश भूवैज्ञानिक हुआन कार्लोस कारासेदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. आज 'कुएर्वो आधी, कोलोरादा नंतर' असं जे बिनधास्त सांगता येतं, त्यामागे ही मेहनत आहे.

या दोन्हींहून वेगळं आहे ते काल्देरा ब्लांका. मांचा ब्लांका गावाजवळून निघणारी वाट आधी अठराव्या शतकातल्या लाव्हाच्या मैदानातून जाते. नांगरलेलं शेत तसंच दगड व्हावं असं हे मैदान, प्रत्येक ढेकळाला करवतीसारखी धार. मग अचानक फिकट, जवळजवळ पांढुरका डोंगर समोर येतो. हा त्या उद्रेकाचा नाही, त्याहून कितीतरी जुना. इथे वर येणाऱ्या शिलारसाची गाठ पाण्याशी पडली, पाण्याची एका क्षणात वाफ झाली आणि स्फोटांनी खडकाचा भुगा केला. म्हणून विवर उंच निमुळतं न होता पसरट झालं. व्यास सव्वा किलोमीटरच्या जवळपास, कड्याची सर्वोच्च जागा समुद्रसपाटीपासून ४५८ मीटर. १७३०चा लाव्हा या डोंगराला वळसा घालून गेला, त्यामुळे काळ्या दगडाच्या समुद्रात तो बेटासारखा उरला. कड्यावरून एका बाजूला विवराचा तळ आणि दुसऱ्या बाजूला तिमान्फायाची सगळी रांग दिसते. पाण्याशी गाठ पडलेला ज्वालामुखी आणि न पडलेला ज्वालामुखी यांतला फरक इथे पुस्तकाशिवाय कळतो. युरोपियन स्पेस एजन्सी २०१६पासून आपल्या अंतराळवीरांना भूविज्ञान शिकवायला याच बेटावर आणते ते उगाच नाही. चंद्रावर किंवा मंगळावर उतरणाऱ्यानं कोणता दगड उचलायचा आणि कोणता सोडायचा, हे ठरवण्याची नजर अशी पायी फिरूनच तयार होते.

मराठी वाचकाला यात एक ओळखीची खूण सापडेल. सह्याद्रीही लाव्हाचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून थरावर थर बेसॉल्ट वाहिला आणि दख्खनचं पठार झालं. पण राजगडापासून हरिश्चंद्रगडापर्यंत पायपीट केली तरी लाव्हा बाहेर टाकणारं एकही विवर दिसत नाही. असलेच शंकू, तर ते कोट्यवधी पावसाळ्यांनी धुऊन नेले. महाराष्ट्रातलं नावाजलेलं विवर लोणारचं. ते जवळपास १.८ किलोमीटर रुंद, म्हणजे काल्देरा ब्लांकाहूनही मोठं. मात्र ते ज्वालामुखीचं नव्हे, उल्का आदळून बेसॉल्टमध्ये पडलेलं. थोडक्यात, सह्याद्रीत आपण चालतो तो या गोष्टीचा शेवट. सुरुवात कशी दिसते ते लान्सारोतेवर पाहायला मिळतं, कारण तिमान्फायाचा डोंगर तीनशे वर्षांचासुद्धा नाही. शिवनेरीचा किल्ला त्याहून जुना आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. 'दगडाला पाय लागला तर काय होतं?' सह्याद्रीत हा प्रश्न रास्त वाटतो. मळलेली वाट चार वर्षं वापरात नसेल तर पावसाळ्यातलं गवत ती गिळून टाकतं, वाट हरवते हीच खरी अडचण. लान्सारोतेवर उलटं आहे. बेटाचं सर्वांत उंच ठिकाण सुमारे ६७० मीटरचं. तेनेरीफेवरचं तेइदे शिखर साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तिथे व्यापारी वाऱ्यांचे ढग अडतात. लान्सारोतेवरून ते निघून जातात. वर्षाला पाऊस पडतो तो सरासरी दीडशे मिलिमीटरच्या आसपास, मुंबईच्या चांगल्या पावसाळ्यात एका दिवसात पडतो तेवढा. पाऊस नाही म्हणून माती होत नाही, माती नाही म्हणून झाड नाही, आणि झाड नाही म्हणून जखम भरून येत नाही. जवळपास तीनशे वर्षांनंतरही या लाव्हावर मुख्य वस्ती आहे ती दगडफुलाची. होय, तेच दगडफूल, ज्याचे भाऊबंद आपल्या गोड्या मसाल्यात पडतात. वाऱ्याच्या दिशेला असलेल्या, रात्रीची दमट हवा लागणाऱ्या बाजूंवर ते राखाडी-पांढरं पसरलेलं असतं. दगड कुरतडून मातीचा पहिला कण तयार करण्याचं काम तेच करतं, अतिशय मंद गतीनं. बुटाच्या एका घासणीत त्याची कित्येक वर्षांची वाढ निघून येते.

शंकूंच्या उतारांचं दुखणं वेगळं. भटक्यांच्या भाषेत तो सगळा घसारा आहे: हलकी, सच्छिद्र, काळी किंवा लाल खडी, जी पडताना जेवढ्या उतारावर थांबू शकली तेवढ्यावरच थांबली आहे. तिच्यावर पाय दिला की ती खाली सरकते, वरची हवापाण्यानं रंग बदललेली खडी खाली जाते आणि आतली गडद खडी उघडी पडते. तो पट्टा लांबूनही दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं इथूनच वाट आहे, आणि तो त्याच पट्ट्यानं चढतो. पहिल्यानं केवळ फोटोसाठी मारलेला शॉर्टकट दुसऱ्याला रस्ता वाटतो, यात कुणाचा दुष्टपणा लागत नाही. वाहून गेलेला लाव्हाही वाटतो तितका दणकट नाही. काही ठिकाणी वरचा पापुद्रा फूटभर जाडीचाही नसतो आणि त्याखाली लाव्हा वाहून गेल्यानं पोकळी असते. तिथे आखलेली वाट दगडाचं रक्षण करते तेवढीच चालणाऱ्याच्या घोट्याचंही.

यावर एक जास्त हुशार आक्षेप आहे. वारा, समुद्र आणि मुख्य म्हणजे ज्वालामुखी स्वतः जेवढं उलथापालथ करतो, त्यापुढे चार बुटांची काय कथा? हा डोंगर तरी कुठे कायमचा आहे? याच द्वीपसमूहातल्या ला पाल्मा बेटावर सप्टेंबर ते डिसेंबर २०२१ या काळात नवा शंकू उभा राहिला आणि हजाराहून अधिक घरं लाव्हाखाली गेली. निसर्गाला जपणुकीची पर्वा नाही. मुद्दा खरा आहे, पण तो लागू पडत नाही. लाव्हा जुनं झाकतो तेव्हा नवं काहीतरी मांडून ठेवतो, आणि त्याच्या झाकण्यालाही क्रम असतो, तो वाचता येतो. बुटांनी होणारी झीज काहीही मांडत नाही. ती फक्त खुणा पुसते. शिवाय संख्येचा हिशोब आहे. तिमान्फायाला दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक भेट देतात. त्यातल्या शंभरातल्या एकानं एकदा वाट सोडली तरी वर्षाला दहा हजार पायवाटा होतात, आणि पाऊस त्यातली एकही बुजवणार नाही. वारा इतकी वर्षं वाहतो आहे तरी शंकूंचे आकार टिकून आहेत, यावरूनच तिथली नैसर्गिक झीज किती सावकाश आहे ते दिसतं.

आता बसचा प्रश्न. पायी चालणाऱ्याला अडवायचं आणि दिवसभर बसगाड्या सोडायच्या, हा दुटप्पीपणा नाही का? अर्धा आहे. बसचा रस्ता आखण्यामागे लान्सारोतेचा चित्रकार आणि वास्तुरचनाकार सेसार मान्रिके आणि त्याचा सहकारी हेसूस सोतो यांची दृष्टी होती. मान्रिके (१९१९–१९९२) हा माणूस बेटासाठी किती महत्त्वाचा होता हे तिथल्या बुटक्या पांढऱ्या घरांवरून आणि रस्त्यांवर जाहिरातफलक नसण्यावरून कळतं; पर्यटन येणारच आहे तर ते बेटाच्या शिस्तीत यावं, असा त्याचा आग्रह. सुमारे चौदा किलोमीटरचा हा रस्ता विवरांच्या कडेनं असा वळवला आहे की दुरून तो डोळ्यांत खुपत नाही. हजारो माणसं एकाच डांबरी पट्टीवरून जातात, बाहेरच्या खडीला कुणाचा पाय लागत नाही. रक्षणाच्या बाजूनं पाहिलं तर बस पूर्णपणे समर्थनीय आहे. समजण्याच्या बाजूनं पाहिलं तर फारशी नाही. बसमध्ये ध्वनिमुद्रित निवेदन चालतं, संगीत वाजतं, काचेबाहेर एकामागून एक विवर सरकतं, आणि अर्ध्या-पाऊण तासात माणूस 'चंद्रावर जाऊन आल्यासारखं वाटलं' असं म्हणत उतरतो. उतरल्यावर त्याला इस्लोते दे इलारियो या ठिकाणी जमिनीतली उष्णता दाखवतात. खड्ड्यात वाळक्या काटक्या टाकल्या की पेट घेतात, नळीत पाणी ओतलं की वाफेचा फवारा उसळतो, आणि शेजारच्या एल दियाब्लो उपाहारगृहात जमिनीच्या धगीवर कोंबडी भाजून मिळते. सुमारे तेरा मीटर खोलीवर तिथे तापमान सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, तेव्हा प्रयोग अस्सल आहे यात वाद नाही. पण तो पाहून विवर कसं तयार झालं ते कळत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की नियम सैल करू नयेत, मात्र त्या नियमांत राहून पायी फिरण्याचा वाटा वाढवावा. त्रेमेसाना भागात मार्गदर्शक नेतात त्या छोट्या फेऱ्यांसाठी जागा फार थोड्या असतात. बसवर होणाऱ्या कमाईतून आणखी मार्गदर्शक नेमता आले तर खडीवर एकही जास्तीचा ओरखडा न उठता आणखी लोकांना शंकू खऱ्या अर्थानं पाहता येतील.

स्थानिकांकडे बोट दाखवणारा आक्षेपही ऐकू येतो. ला खेरिया भागात शेतकऱ्यांनी राखेच्या थरात हजारो खड्डे खणले आहेत, मग पर्यटकाच्या पावलाचं एवढं काय? ला खेरिया पाहिलं तर हा आक्षेप आपोआप ढिला पडतो. उद्रेकानंतर मूळ माती खडीखाली गाडली गेली. लोकांनी खडी उपसून, काही ठिकाणी दोन-तीन मीटर खोल जाऊन, त्या मातीत द्राक्षाचा एकेक वेल लावला आणि वाऱ्यापासून जपायला प्रत्येक खड्ड्याभोवती अर्धगोल दगडी भिंत घातली. काळी खडी रात्रीचा ओलावा धरते आणि दिवसा मातीतलं पाणी उडू देत नाही. पावसाशिवायच्या त्या जमिनीत मालवासिया जातीची द्राक्षं त्यावरच येतात. या शेतकऱ्यानं डोंगर खणला तो जगण्यासाठी, त्याचा स्वभाव ओळखून, आणि खणलेलं पिढ्यानपिढ्या सांभाळलं. खरा अडचणीचा मुद्दा वेगळा आहे. बांधकाम आणि रस्त्यांसाठी याच खडीच्या खाणी बेटावर चालल्या आणि त्यांनी काही शंकूंच्या कुशीच कापून टाकल्या. एका खाणीपुढे हजार भटक्यांचं नुकसान किरकोळ आहे हे मान्य करायलाच हवं. पण ती खडी लागली ती बऱ्याच अंशी पर्यटनासाठी उभ्या राहणाऱ्या इमारतींना. पर्यटकाला हॉटेलात उतरायचंही आहे आणि वर विवरावर हवं तिथून चढायचंही आहे, तर खाणीकडे बोट दाखवून त्याची सुटका होत नाही.

बेटावरचे लोक या ओझ्याबद्दल आता उघड बोलतात. २० एप्रिल २०२४ रोजी सगळ्या कॅनरी बेटांवर हजारो लोक रस्त्यावर उतरले. घरांची भाडी, पाण्याची टंचाई, किनाऱ्यांवरची गर्दी पाहता पर्यटनाला मर्यादा घाला, अशी त्यांची मागणी होती. त्या मोर्चांना विवरांशी थेट संबंध नसेल, पण मर्यादेचा प्रश्न तोच आहे. आपल्याकडे साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजची संख्या ठरवून आधी नोंदणी करायला लावली, तेव्हाही 'आमच्याच डोंगरावर परवानगी कशाला?' असं विचारलं गेलं. कासचं फूल पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येण्याची निदान शक्यता असते. लान्सारोतेच्या लाव्हाला असा पुढचा पावसाळा नाही. तेव्हा जाणाऱ्यानं एवढं करावं: बसच्या रांगेत उभं राहण्याआधी त्रेमेसानाच्या फेरीसाठी नाव नोंदवावं, जागा नाही मिळाली तर एल कुएर्वो आणि काल्देरा ब्लांका पायी पाहावीत, सकाळी लवकर निघावं कारण वाटेत सावली नाही, पाणी भरपूर आणि जाड तळव्याचे बूट घ्यावेत, खिशात दगड घालू नये, दगडांचे मनोरे रचू नयेत, आणि दगडांनी आखलेली वाट कितीही लांबची वाटली तरी तिच्यावरूनच चालावं.